सुटकेनंतरचा दिवस चालवायला शिकवणारी उपचारपद्धती

तुरुंगात दार उघडणं हे कैद्याचं काम नसतं. ते दुसरं कुणीतरी उघडतं आणि दुसरं कुणीतरी लावतं. उठायचं कधी, अंघोळ कधी, ताटात काय पडणार, दिवा कधी मालवणार, हेही दुसराच कुणी ठरवतो. लांब शिक्षा भोगणाऱ्या माणसाने दहा-बारा वर्षांत एकदाही भाजी निवडून घेतलेली नसते, रस्ता ओलांडलेला नसतो, महिन्याच्या खर्चाचा हिशेब केलेला नसतो. मग एका सकाळी त्याच्या हातात त्याच्या सामानाची पिशवी येते, आणि त्या घटकेपासून हे सगळे निर्णय एकदम त्याच्यावर येऊन पडतात.

अशा माणसाला लोक दोन सल्ले हमखास देतात: कामधंदा बघ आणि वाईट संगत सोड. दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पण कामावर वेळेत पोचायचं तर आदल्या रात्री झोप लागावी लागते, गजर लावावा लागतो, डबा करावा लागतो, बस पकडावी लागते आणि बस चुकली तर मुकादमाला फोन करून काय सांगायचं हे सुचावं लागतं. संगत सोडायची तर संध्याकाळी सहा ते दहा या वेळेचं काय करायचं, हे ठाऊक असावं लागतं. रोजच्या जगण्याचा हा बारीक तपशील हेच ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे व्यवसायोपचाराचं क्षेत्र आहे. पक्षाघातानंतर सदऱ्याची बटणं लावायला शिकवणारे किंवा स्वमग्न मुलांबरोबर काम करणारे थेरपिस्ट आपल्याला माहीत असतात. तुरुंगातून बाहेर येणाऱ्यांसाठी हीच विद्या कशी वापरतात, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

तुरुंग माणसाकडून काय काढून घेतो

माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं या विद्येच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपी असोसिएशनच्या २०२० सालच्या आराखड्यात या कृतींचे नऊ गट केले आहेत: स्वतःच्या शरीराची निगा, घर चालवण्याची कामं, आरोग्य सांभाळणं, विश्रांती आणि झोप, शिक्षण, काम, खेळ, फुरसत आणि माणसांत मिसळणं. तुरुंगात या नऊपैकी जवळजवळ प्रत्येक गट आक्रसतो. घर चालवणं संपतं, आरोग्याची जबाबदारी तुरुंगाच्या दवाखान्याकडे जाते, झोप गोंगाटात आणि उजेडात होते.

माणसाच्या हाताबाहेरच्या कारणांनी त्याच्या जगण्यातून अर्थपूर्ण कृती दीर्घकाळ नाहीशा होतात, तेव्हा त्याला कृतिवंचना म्हणतात. गेल व्हाइटफर्ड यांनी न्यूझीलंडमधल्या एका तुरुंगाच्या संदर्भात याविषयी १९९७ साली लिहिलं आणि १९९९ मध्ये मॅथ्यू मॉलिन्यू यांच्यासह तुरुंगातलं जीवन कृतींनी समृद्ध कसं करता येईल याची मांडणी केली. वंचनेचा परिणाम बाहेर आल्यावर दिसतो. जे वर्षानुवर्षं केलं नाही ते हातातून जातं. शिवाय तुरुंगात तगून राहण्यासाठी लावून घेतलेल्या सवयी बाहेर उलट्या पडतात. कुणावर भरवसा ठेवायचा नाही, भिंतीला पाठ लावून बसायचं, काही विचारायचं नाही, मदत मागायची नाही, या सवयींनी आत माणूस सुरक्षित राहतो. बाहेर मात्र त्याच सवयींमुळे कामाच्या जागी त्याला उर्मट किंवा संशयी ठरवलं जातं.

पहिले पंधरा दिवस इतके महत्त्वाचे का

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या तुलनेत १२.७ पट आढळला. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट होता. कैदेत व्यसन सुटल्यामुळे शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मात्रेत पदार्थ घेतला की जीव जातो.

दुसरा आकडा अटकांचा. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने ३० राज्यांतून २००५ साली सुटलेल्यांचा नऊ वर्षं माग ठेवला. पहिल्या तीन वर्षांत ६८ टक्के आणि नऊ वर्षांत ८३ टक्के लोकांना पुन्हा किमान एकदा अटक झाली. अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. तरीही सुटका आणि स्थिरावणं यांच्यामध्ये मोठी दरी आहे, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसतं. ती दरी ओलांडण्याची तयारी दार उघडण्याच्या आधीच सुरू व्हावी लागते.

ही विद्या तुरुंगापर्यंत कशी पोचली

या व्यवसायाची पहिली संघटना १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे स्थापन झाली. संस्थापकांपैकी एलिनॉर क्लार्क स्लॅगल मनोरुग्णालयांतल्या वर्षानुवर्षं बंद असलेल्या रुग्णांसाठी सवयींचं प्रशिक्षण चालवत. दिवसाची घडी बसवून काम, विश्रांती आणि खेळ यांचा तोल हळूहळू परत आणायचा, हा त्यामागचा विचार. बंद दारांआड राहिलेल्या माणसांचा प्रश्न असा या विद्येच्या सुरुवातीपासूनच तिच्यासमोर आहे.

सुटकेच्या तयारीसाठी तिचा पद्धतशीर वापर अमेरिकेत काही ठिकाणी झाला. पिट्सबर्गमधल्या ड्यूकेन विद्यापीठाच्या व्यवसायोपचार विभागाने ॲलेगनी काउंटीच्या जेलमध्ये चालवलेल्या, कैद्यांच्या समाजातल्या पुनर्प्रवेशासाठीच्या प्रकल्पाचं वर्णन २००६ साली प्रसिद्ध झालं. सेंट लुइस विद्यापीठात लिसा येगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलमध्ये सुरू होऊन सुटकेनंतरही चालू राहणारी सेवा उभी केली आणि तिचं मूल्यमापन २०२० साली मांडलं.

दोन्ही कामं काउंटीच्या किंवा शहराच्या जेलमधली आहेत, हे महत्त्वाचं. अमेरिकेत लांब शिक्षेचे कैदी राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगांत असतात. जेलमध्ये मुख्यतः खटल्याची वाट पाहणारे आणि छोट्या शिक्षेचे लोक असतात. त्यांची सुटका आज होईल की तीन महिन्यांनी, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक भेट शेवटचीच आहे असं धरून थेरपिस्टला काम करावं लागतं, आणि दर भेटीत कैद्याच्या हाती वापरता येईल असं काहीतरी द्यावं लागतं.

पहिली भेट: दिवसाची चौकशी

सर्वसाधारण क्रम असा असतो. पहिल्या भेटीत थेरपिस्ट गुन्ह्याबद्दल विचारत नाही, दिवसाबद्दल विचारते. अटकेआधीचा तुमचा साधा दिवस कसा असायचा? सकाळी घरात पहिलं कोण उठायचं? पगार हातात आला की पहिला खर्च कशावर व्हायचा? कुठलं काम करताना वेळ कसा गेला ते कळायचं नाही? घरात तुम्ही कोण होतात: बाप, थोरला भाऊ, कमावता, की आजारी आईला सांभाळणारा?

या चौकशीमागे बहुतेकदा गॅरी कीलहॉफ्नर यांनी १९८० साली मांडलेलं प्रारूप असतं. त्यात माणसाची कृती चार अंगांनी पाहतात. त्याला काय हवंसं वाटतं आणि ते आपल्याला जमेल असं वाटतं का, ही पहिली बाजू. त्याच्या सवयी आणि भूमिका ही दुसरी. शरीर आणि बुद्धीची क्षमता तिसरी. भोवतालचा परिसर, माणसं आणि नियम ही चौथी. एखादा माणूस सुटकेनंतर देखरेख ठेवणाऱ्या पॅरोल अधिकाऱ्याच्या भेटीला वारंवार चुकतो, तेव्हा त्याला फिकीर नाही असं म्हणून सगळे मोकळे होतात. थेरपिस्ट मात्र चारही बाजू तपासते. भेटीची भीती वाटते का? वार लक्षात ठेवण्याची सवयच मोडली आहे का? चिठ्ठीवरचं वाचता येत नाही का? की त्याच वेळेला कामाची पाळी असते? चुकणं एकच असलं तरी कारणानुसार उपाय बदलतो.

नंतर उद्दिष्टं ठरतात. त्यासाठी कॅनडात तयार झालेली एक मापनपद्धत जगभर वापरली जाते. अडचणीच्या कृती माणूस स्वतःच सांगतो आणि प्रत्येकीला महत्त्वाप्रमाणे १ ते १० गुण देतो. त्यांतल्या फार तर पाच निवडल्या जातात. मग प्रत्येक कृती सध्या किती जमते आणि त्यावर आपण किती समाधानी आहोत, याचे वेगवेगळे गुण तो देतो. समजा, एखाद्याने ‘मुलीशी फोनवर भांडण न होता बोलणं’ ही कृती सांगितली; महत्त्व १०, जमणं ३, समाधान १. तुरुंगाच्या फाइलमध्ये असली नोंद कुठेच नसते. पण पुढच्या सगळ्या कामाला जोर इथूनच मिळतो, कारण हे उद्दिष्ट त्याचं स्वतःचं असतं.

करताना पाहणं

माणूस जे सांगतो आणि त्याला जे जमतं, त्यांत अंतर असतं. म्हणून थेरपिस्ट त्याला प्रत्यक्ष काहीतरी करायला लावते आणि बाजूला उभी राहून बघते. सेंट लुइसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात कॅरोलिन बॉम आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एका चाचणीत चार साधी कामं असतात: सोपा पदार्थ शिजवणं, फोन करणं, औषधं घेणं आणि बिल भरणं. काम सुरू कसं केलं, टप्पे क्रमाने लावले का, मध्येच भान सुटलं का, काम पुरं झाल्याचं लक्षात आलं का, हे पाहायचं. माणूस अडला तर मदत पायरीपायरीने वाढवायची. आधी आडून सुचवायचं, मग हाताने खुणावायचं, मग स्पष्ट सांगायचं, मग हात लावायचा. कितव्या पायरीवर काम पुढे सरकलं, हीच खरी माहिती. आडून सुचवून भागत असेल तर भिंतीवरची यादी किंवा मोबाइलचा गजर पुरेल. स्पष्ट सांगावं लागत असेल तर घरातल्या माणसाला तयार करावं लागेल.

कैद्यांमध्ये डोक्याला जुना मार लागलेल्यांचं प्रमाण मोठं असतं; अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत ते साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त आलं आहे. अशा मारामुळे विसरभोळेपणा येतो, चटकन राग येतो, एका वेळी दोन सूचना लक्षात राहत नाहीत. कोर्टात आणि तुरुंगात हे बेशिस्त म्हणून नोंदवलं जातं. हातात काम देऊन निरखलं की मेंदूची अडचण उघडी पडते आणि तिच्यावर उपाय शोधता येतो.

आत असतानाचा सराव

आता सराव. जागा अपुरी असते. चाकू नाही, गॅस नाही, इंटरनेट नाही, बऱ्याचदा फक्त एक टेबल आणि दोन खुर्च्या. तरीही पुष्कळ करता येतं. शहराचं बसचं छापील वेळापत्रक पुढे ठेवून ‘सकाळी सातला या पत्त्यावर पोचायचंय, घरातून कधी निघाल?’ हे सोडवायचं. नोकरीचा कोरा अर्ज भरायचा. अर्जात शिक्षेबद्दलचा प्रश्न आला तर खोटं न बोलता आणि सगळी कहाणी न सांगता तीन-चार वाक्यांत उत्तर कसं द्यायचं, ते बसवायचं. थेरपिस्ट मालक होते, मग भूमिका बदलतात. ही वाक्यं तोंडात बसेपर्यंत बोलावी लागतात, कारण मुलाखतीच्या खुर्चीत घसा कोरडा पडतो.

आठवड्याचा तक्ता हा या कामाचा कणा. चोवीस तासांचे रकाने आखायचे आणि आधी आत्ताचा आठवडा भरायचा. झोप, कैद्यांची मोजणी, जेवण, टीव्ही आणि बाकी सगळं रिकामं. मग सुटकेनंतरचा आठवडा भरायचा. व्यसनाच्या ओढीच्या वेळा कोणत्या, त्या लाल करायच्या. तिथे काय ठेवायचं हे माणूस शोधतो. कुणी लहान भावाबरोबर बास्केटबॉल लिहितो, कुणी चर्चमधला गायनाचा सराव, कुणी शेजाऱ्याची गाडी दुरुस्त करणं. थेरपिस्ट प्रत्येक गोष्टीला खोदून विचारते. किती वाजता? कुणाबरोबर? पैसे लागतील का? पाऊस आला तर?

झोपेवर वेगळं काम होतं. गोंगाटाची सवय झालेल्या माणसाला घरच्या शांततेत झोप लागत नाही. कुणाला अंधाराची भीती वाटते, कुणाला उघड्या दाराची. झोप बिघडली की चिडचिड, चिडचिडीतून भांडण, भांडणातून घराबाहेर, आणि तिथून जुनी गल्ली. म्हणून श्वासाचे व्यायाम, अंथरुणात पडण्याची ठरलेली वेळ, गर्दीत छाती धडधडली तर काय करायचं, याचा सराव आतच करून घेतला जातो.

दारापासून पहिले तीन दिवस

सुटकेची तारीख कळली की पहिल्या बहात्तर तासांचा बेत तासागणिक लिहिला जातो. न्यायला कोण येणार? कुणीच आलं नाही तर कुठल्या बसथांब्यावर जायचं? रात्री कुठे झोपायचं? औषधाच्या किती गोळ्या हातात आहेत आणि पुढची चिठ्ठी कुठे मिळेल? ओळखपत्र नसेल तर त्याच्या अर्जासाठी कुठलं कागदपत्र आधी लागेल? कारण ओळखपत्राशिवाय नोकरी नाही, बँकखातं नाही, भाड्याने खोली नाही. पॅरोल अधिकाऱ्यापुढे हजेरी कधी? हे सगळं खिशात मावेल अशा एका कागदावर, त्या माणसाला वाचता येईल इतक्याच शब्दांत लिहायचं.

बाहेर आल्यावर कामाची जागा बदलते. थेरपिस्ट घरी जाते, बाजारात बरोबर जाते. सुपरमार्केटमध्ये एका भिंतीभर मांडलेले साबणाचे शंभर प्रकार पाहून वर्षानुवर्षं एकच वडी मिळालेला माणूस गांगरतो आणि हातातली टोपली टाकून निघून जातो. मग पुढच्या वेळी गर्दी नसलेली वेळ, चारच वस्तूंची यादी आणि एकच रांग. त्यानंतर दहा वस्तू. स्मार्टफोन आणि ॲपवरून पैसे देणं याचाही असाच पायऱ्यांनी सराव होतो. घरच्यांशीही बोलावं लागतं. त्याच्या गैरहजेरीत घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. बायको सगळे निर्णय घेते, मुलगा मोठा झालेला असतो. बाप म्हणून एकदम अधिकार गाजवू गेला तर भडका उडतो. म्हणून एक छोटं काम त्याच्याकडे सोपवायचं, जसं मुलाला रोज शाळेत सोडणं, आणि ते न चुकता पार पडू द्यायचं. भूमिका अशी कामातून परत मिळवावी लागते.

सहा-आठ आठवड्यांनी सुरुवातीचे गुण पुन्हा घेतले जातात. जमण्याच्या किंवा समाधानाच्या गुणात दोनची वाढ झाली तर बदल अर्थपूर्ण मानतात. मुलीशी बोलण्याचा गुण ३ वरून ६ वर आला असेल तर तेच यश. गुण वाढलेच नाहीत, किंवा माणूस घसरला, तर कुठला टप्पा निसटला ते शोधून बेत बदलायचा. दोष वाटत बसल्याने पुढचा आठवडा सुधारत नाही.

या कामाच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. थेरपिस्ट घरं बांधू शकत नाही आणि शिक्षा झालेल्याला दारातच नाकारणाऱ्या मालकाचं मन एकट्याने बदलू शकत नाही. समाजकार्यकर्ता, वकील, मानसोपचारतज्ज्ञ यांची जागा ती घेत नाही. या विषयावरचे अभ्यासही अजून थोडे आणि छोटे आहेत. पण तिच्या वाट्याचं काम दुसरं कुणी करत नाही. योजना कागदावर तयार झाली की ती त्या माणसाच्या दिवसात बसवून देणं, हे ते काम.

महाराष्ट्रात याची पायाभरणी आहे

भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण मुंबईतच सुरू झालं. अमेरिकेत जन्मलेल्या आणि इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात त्याची शाळा उभी केली. कैद्यांना रोजचं जगणं जगू देणाऱ्या मोकळ्या तुरुंगाची कल्पनाही आपल्याला परकी नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा याच प्रयोगाची. आणि टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो. सुटलेल्यांना स्वयंसेवी संस्थांमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवून कामाची सवय लावणं हा त्याच्या कामाचा एक भाग आहे.

गरजही डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, खटला न संपलेले कच्चे कैदी होते. जामीन मंजूर झाला की कच्चा कैदी अचानक सुटतो. त्याच्यासाठी सेंट लुइससारखी, एकेका भेटीत काहीतरी हाती देणारी पद्धत हवी. शिक्षा झालेल्यांसाठी आपल्याकडे संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांची तरतूद आहे. आज कैदी रजेवर घरी जातो, परत येतो, आणि त्या दिवसांत काय जमलं, काय नाही, हे बहुधा कुणी विचारत नाही. खरं तर सुटकेचा इतका चांगला सराव दुसरा नाही. रजेआधी बेत आखायचा, रजेवरून आल्यावर गुण घ्यायचे, आणि पुढच्या रजेला बेत सुधारायचा.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संबंधित आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने व्यवसायोपचाराला मान्यता दिलेली आहे. व्यवसायोपचाराची महाविद्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत, मोठी कारागृहंही याच शहरांत आहेत. एका कारागृहात एक थेरपिस्ट नेमून आणि तिच्याबरोबर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पाठवून हे काम सुरू करता येईल. कैद्याची शिक्षा न्यायालय ठरवतं. ती भोगून बाहेर येणाऱ्या माणसाला आपला दिवस पुन्हा चालवता यावा, ही जबाबदारी आपली आहे, आणि ती पार पाडण्याची पद्धत आज उपलब्ध आहे.